शुद्ध पाण्यातलं जस्त

तपासणी अधिकारी तीन वाजता येणार होते, आणि अकरा वाजता काटेकोरसाहेबांच्या शुद्ध पाण्यात जस्त निघालं.

'काटेकोर' हे नाव त्यांना प्रयोगशाळेतल्या लोकांनीच ठेवलेलं. भांडं तीनदा धुतल्याशिवाय ते कुणाला पुढचं काम करू देत नसत. पोहण्याच्या तलावात चिमूटभर जस्त पडलं तरी सांगेल असं यंत्र त्यांनी सहा वर्षं अर्ज खरडून मिळवलं होतं. आज शुद्ध पाण्याचा आकडा शून्याजवळ आला तर प्रयोगशाळेला मान्यता. नाहीतर यंत्राची रवानगी मुख्य कार्यालयात.

"दोन," सहायक बाई म्हणाल्या. "अब्जात दोन भाग."

"भांडं नीट धुतलं नसेल. परत करा."

साहेबांच्या मानेला खाज सुटली. तपासणी म्हणून बायकोने कडक कॉलरचा नवाकोरा शर्ट घालायला लावला होता आणि वर घामोळ्यांच्या पावडरचा डबाही पिशवीत टाकला होता. सकाळी एकदा लावली होतीच, तरी साहेब बाहेर जाऊन पुन्हा पावडर थापून आले आणि बाईंच्या खांद्यावरून बाटलीत डोकावले.

"नऊ," बाई म्हणाल्या.

आता साहेबांचा संशय माणसांवर गेला. लादी पुसणाऱ्या मावशींना ते म्हणाले, "तुमच्या बादलीला जस्ताचा मुलामा असणार."

"प्लास्टिकची आहे हो ती."

"असू दे. तुम्ही बाहेर थांबा."

पाठोपाठ बाईंचीही गच्छंती झाली. काळजीने खाज वाढली, खाजेने पावडर वाढली, आणि साहेबांनी स्वतः बाटलीवर वाकून, श्वास रोखून नमुना भरला. आकडा आला चौतीस.

साहेब मटकन खुर्चीत बसले. सहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरलं होतं, त्यांना अगदी रडू येत होतं.

"साहेब, एक बोलू का?" मावशी दारातून म्हणाल्या. "तुम्ही जिथे वाकता ना, तिथेच लादी पांढरी होतेय. सकाळपासून दोनदा पुसली मी."

साहेबांनी लादी पाहिली, कॉलर चाचपली, मग डबा वाचला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्तच की.

पाच मिनिटांत बाई आणि मावशी आत गेल्या आणि साहेब बाहेर बाकावर बसले. लादी, टेबल, भांडी, सगळं पुन्हा धुऊन झालं. मग काचेपलीकडून बाईंनी कागदावर मोठा आकडा लिहून दाखवला: ०.१. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

तीनला अधिकारी आले. "प्रमुख बाहेर कसे काय?"

साहेबांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. अधिकारी पोट धरून हसले. "अहो, एवढं बारीक पकडणाऱ्या यंत्राला मान्यता नाही द्यायची तर कुणाला? चला, आत बघू."

मावशींनी दार अडवलं. "तुमच्याही मानेला पांढरं दिसतंय, साहेब."

अधिकाऱ्यांचा हात कॉलरकडे गेला. "आमच्याकडे पण तोच डबा आहे," ते पुटपुटले आणि मुकाट्याने बाकावर सरकून बसले. बाईंनी एकेक आकडा काचेला लावून दाखवला आणि मान्यतेची सही बाकावरच झाली.

बाई कागद घेऊन आत निघाल्या.

"आधी झटका तो," मावशी म्हणाल्या.

"तीनदा," बाकावरून काटेकोरसाहेब म्हणाले.