मांडीखालचे हात

ठकूमावशी कामावर असल्या की स्वतःच्या हातांवर बसतात. म्हणजे खरोखरच. चौथीच्या वर्गात निकिता नावाच्या मुलीशेजारी लाकडी स्टुलावर बसायचं, दोन्ही तळहात मांड्यांखाली सरकवायचे आणि ओठांत काहीतरी पुटपुटत राहायचं. त्यांची नेमणूक मदतनीस म्हणून आहे. चालताना, लिहिताना, खाताना जी मुलं अडतात त्यांना मदत करायची, असं त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं आहे. मावशींना फारसं वाचता येत नाही, म्हणून तसं होत असेल, असं मला आधी वाटलं होतं.

मी बी.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे करमाडहून शहरात आल्यावर कुठल्याही दारात, आत जावं की कोणी बोलवेपर्यंत थांबावं, हे मला अजून कळत नाही. क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातून दोन दिवस मला या शाळेत पाठवलं, तेव्हाही मी चौथीच्या दारात अशीच उभी राहिले. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. मावशी माझ्याकडे बघत पुटपुटत होत्या, पण 'ये' म्हणत नव्हत्या. शेवटी मी आपली आत गेले.

"एक वीस अन् वर सात," मावशी म्हणाल्या. "बरी हायेस. मागची कालेजवाली तीन वीस उभी व्हती."

मावशींचं लहानपण मेंढरांमागं गेलं. मेंढरं विसाच्या हिशेबानं मोजतात, तशीच त्या वाटही विसाच्या हिशेबानं बघतात. निकिताला बूट घालायला नऊ वीस लागतात, दप्तरातून वही काढायला चार. तेवढ्यात कोणी मदतीला पुढं झालं की मावशी खेकसतात, "हात आवर!"

यात लहानमोठा असा भेद नाही. एकदा एक पाहुणे वह्या वाटायला आले. त्यांनी निकितासमोर वही धरली आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघून हसले. निकिताचे स्नायू जन्मापासून ताठर. डोकं तल्लख, पाढे घडाघडा, पण हात उचलायचं मनात आलं तरी हात उचलायला वेळ लागतो. पाहुण्यांनी थोडं थांबून वही तिच्या मांडीवर ठेवायला हात पुढं केला.

"हात आवरा, साहेब. ती घेऊ लागली ना."

साहेब वही धरून उभे राहिले. हसू धरून धरून त्यांचे गाल थरथरायला लागले. बरोबरचा एक जण म्हणाला, "मावशी, साहेबांना पुढं अजून दोन कार्यक्रम आहेत."

"मग जाऊ द्या की. वही ठिवून जाऊ नका फकस्त."

पाच वीस झाल्यावर निकितानं वही घेतली. फोटोग्राफरनं घाईत बटण दाबलं ते नेमकं वही सुटल्यानंतर. त्यामुळे शाळेत लावलेल्या त्या फोटोत निकिता वही छातीशी धरून बसलेली आहे आणि साहेब रिकामा हात पसरून तिच्यापुढं उभे आहेत.

हे सगळं आता मला हसू येतं म्हणून सांगते. त्या वेळी मला मावशींचा राग यायचा. निकिताच्या डब्याला चार बाजूंना चार खटके होते. जेवणाच्या सुट्टीत बाकीची मुलं खाऊन खेळायला जायची, तरी हिची बोटं दुसऱ्याच खटक्यावर असायची, आणि मावशी शेजारी हातांवर बसलेल्या. एक दिवस त्या पाणी आणायला गेल्या, तेव्हा मी पटकन डबा उघडून दिला. निकितानं डब्याकडे पाहिलंच नाही.

"बंद करा, ताई," ती म्हणाली. "मावशी रागावतील म्हणून नाही. माझे तीन खटके झाले होते."

मी खटके पुन्हा लावले, पण मनातून राग गेला नाही. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, 'मदतनीस मदत करत नाहीत. कामात आस्था दिसत नाही.' आमच्या कॉलेजच्या सरांनी ते वाचून मुख्याध्यापकांना दाखवलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा मावशी दारातच होत्या.

"माझ्याबद्दल काय लिव्हलं म्हनं तू. वाच बरं."

मी वाचलं. मावशींनी नेहमीप्रमाणेच घाई केली नाही, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

"बरुबर हाय. आता म्होरं लिही. मदत न करायला लई जोर लागतो."

मग त्यांनी सांगितलं. जूनमध्ये तीन खटके मावशींचे आणि शेवटचा एक निकिताचा होता. दिवाळीला दोन-दोन झाले. संक्रांतीपासून चारही तिचेच. ही शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा बजाजनगरला, निकिताच्या घराजवळ, पण तिथं मदतनीस नाही. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, एप्रिलमध्ये एक दिवस बसवून बघू. स्वतःचं स्वतः जमलं तर घेऊ.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर घरी. चौथी पास, भिताडाकडं बघत बस."

मी डायरीतलं वाक्य खोडलं नाही. त्याखाली मावशींचं लिहिलं.

एप्रिलच्या त्या दिवशी मावशींनी रजा टाकली. मीही गेले. आम्हाला वर्गात बसू देणार नव्हते, म्हणून आम्ही बाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर खिडकीशी बसलो. मावशींचे हात अर्थातच मांडीखाली. जेवणाची घंटा झाली. एक खटका. दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला, पण निघाला. चौथ्यावरून बोट सारखं घसरत होतं. दारात उभ्या मोठ्या बाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

"सहा वीस," मावशी पुटपुटल्या.

बाकावरच्या शेजारणीनं, एका दोन वेण्यांच्या पोरीनं, डब्याकडे हात नेला.

"हात आवर!" निकिता खेकसली.

ती पोरगी हात मागे घेऊन बसली, आणि मोठ्या बाई एक पाऊल पुढं आल्या होत्या त्याही तिथंच थांबल्या. आठ वीस झाले आणि खटका वाजला. निकितानं पोळीचा पहिला तुकडा त्या पोरीला दिला.

"जूनमध्ये पाठवा," मोठ्या बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या.

मावशी उठल्या. हातांना मुंग्या आल्या होत्या, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. मी सवयीनं हात पुढं केला. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी मोजत बसले.

परतीच्या बसमध्ये त्या आनंदात असतील असं मला वाटलं होतं. पण त्या सगळी वाट तिकिटाच्या घड्या घालत बसल्या. उतरताना म्हणाल्या, "रविवारी बिडकीनला येतीस का? माझ्या भावाकडं?"

म्हसूमामा मावशींपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. केस पिकलेले. अंगणात खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. हात निकितासारखेच, पण बोटं तळव्यात पार मिटून गेलेली. बहीण दिसली तशी त्यानं आनंदानं आ केला.

"मेंढरामागं जाताना ह्याला पाठीवर न्यायची मी," मावशी म्हणाल्या. "पानी मी पाजायची, घास मी भरवायची. लोक म्हनायचे, काय माया हाय बहिनीची. मग माझं लगीन झालं. चार दिस ह्यानं कोनाच्या हातचं खाल्लं नाय. स्वतःच्या तर येतच नव्हतं." त्यांनी त्याची मूठ हातात घेतली. "ह्याचे हात मीच खाल्ले, पोरी."

त्यांनी पिशवीतून एक चमचा काढला. दांड्याला चिंधी गुंडाळून जाड केलेला. म्हसूमामाच्या मुठीत तो बसवला, दूध-भाकरीचा काला पुढं ठेवला आणि शेजारी हातांवर बसल्या. एक वीस झाले. दोन वीस. चमचा मुठीतून निसटून मांडीवर पडला. म्हसूमामा बहिणीकडं बघत होता, आ तसाच.

तिसरे वीस पुरे व्हायच्या आधी मावशींनी हात बाहेर काढले.

"आज रविवार हाय," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या आणि बोटांनी काला कालवून पहिला घास त्याच्या तोंडात दिला. म्हसूमामानं तो गिळला, मोठ्यानं हसला आणि पुन्हा आ केला.