नरकाची चौकशी करणारे याकोबभाऊ

आमचे हे गेले आणि त्यांचं तेरावं उरकल्याबरोबर मी एका बाईच्या शोधाला लागले. अशी बाई मुळात नव्हतीच, पण ते कळायला मला तीन-चार महिने लागले. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

झालं असं. तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पांगले आणि शेजारचे याकोबभाऊ माझ्याजवळ येऊन बसले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, दत्तानं जाताना कुणाचं नाव घेतलं का?"

मी म्हटलं, "कुणाचं?"

"कुणाचं बी. जरा नीट आठवा."

मी आठवून सांगितलं की, नाव कुणाचंच घेतलं नाही. दवाखान्यात एकदा डोळे उघडले आणि "मोटर बंद केली का?" एवढं विचारलं. सोसायटीच्या टाकीची मोटर हेच लावायचे आणि हेच बंद करायचे. याकोबभाऊंचा चेहरा उतरला. "बास? मोटरच?" असं स्वतःशीच पुटपुटत ते चपला न घालता घरी गेले.

एखादी शहाणी बाई म्हणाली असती, म्हातारा दुःखात आहे, काहीतरी विचारतोय. मी मात्र लगेच ताडलं की, ज्या नावाची नवऱ्याच्या जिगरी दोस्ताला एवढी चिंता, ते नाव बाईचंच असणार. मग मी कपाट उपसलं. जुन्या पँटींचे खिसे उलटे केले. यांच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एका बिचारीच्या घरी पापड द्यायचं निमित्त काढून गेले आणि तिच्या दारातल्या चपलांपासून भिंतीवरच्या फोटोंपर्यंत सगळं न्याहाळून आले. तिनं चहा दिला. म्हणाली, "दत्ताभाऊ फार भले माणूस. चटणी तेवढी दोनदा मागायचे." चौतीस वर्षांच्या संसारातलं एवढंच काय ते लफडं हाती लागलं.

शेवटी मी याकोबभाऊंच्या मार्थाबाईंना गच्चीवर गाठलं. त्या चादरी वाळत घालत होत्या. मी सरळ विचारलं, "ती बाई कोण ते सांगून टाका, मी ऐकायला तयार आहे." मार्थाबाई हसता हसता टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. हसणं ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, बाई कुठली? ह्यांना आशा होती, जाताना तरी दत्ताभाऊंनी प्रभूचं नाव घेतलं असेल. एकदा जरी घेतलं असतं ना, तरी ह्यांना झोप लागली असती. ह्यांना भीती वाटते, दत्ताभाऊ नरकात गेले म्हणून."

बाई नाही हे ऐकून मला जो आनंद झाला, तो नरक ऐकून तिथल्या तिथे आटला. माझा नवरा नरकात? वर्षानुवर्षं अख्ख्या सोसायटीची टाकी भरून देणारा माणूस नरकात, आणि मेंटेनन्स बुडवणारे तिसऱ्या मजल्यावरचे इथे खुशाल एसी लावून झोपणार? त्या रागात मी याकोबभाऊंच्या घरी निघालेली लोणच्याची बरणी त्यांच्या दारातून परत आणली. वर्षभर लोणचं दिलं नाही. नरकाबद्दल मला तेव्हा सुचलेली सगळ्यात मोठी शिक्षा ती.

आता याकोबभाऊ कोण, ते सांगायला हवं. याकोब गायकवाड मूळचे नगरकडचे, पणज्यापासूनचे ख्रिस्ती. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते. म्हणजे मशिनवरून निघालेला प्रत्येक पीस मोजायचा आणि त्याला चिकटपट्टी लावायची. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्त करून आणा, लाल म्हणजे भंगार. आमचे हे त्याच कंपनीत स्टोअरला. दोघं पिंपळे गुरवला एकाच मजल्यावर राहायला आले आणि रोज भांडायला लागले. क्रिकेटवरून, वांग्यावरून, पुढारी लोकांवरून. कुणी कुणाचं कधीही ऐकलं नाही. दोस्ती टिकते ती अशानं.

याकोबभाऊ रिटायर झाले, पण मोजणं रिटायर झालं नाही. शर्टाच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्निअर कायम. एकदा माझी पोळी हातात घेतली, कडेला मोजली, मध्ये मोजली आणि अत्यंत हळहळून म्हणाले, "वहिनी, पिवळी." सोसायटीच्या लिफ्टला त्यांनी पिवळी पट्टी लावली होती. चेअरमनच्या दाराला एकदा कुणीतरी लाल लावली. ती कुणी लावली याचा तपास लागला नाही, कारण तपास करायला चेअरमनने याकोबभाऊंनाच नेमलं होतं.

आणि त्यांचं एक पालुपद होतं. "पर्पज काय?" रांगोळी दिसली की, "छान आहे, पर्पज काय?" नातवाच्या फोनला मागे तीन कॅमेरे दिसले की, "तीन कशाला? पर्पज काय?" देवानं निर्माण केलेल्या आणि माणसानं तयार केलेल्या प्रत्येक वस्तूला काहीतरी कामगिरी असते, नसेल तर ती ड्रॉइंगमध्ये येत नाही, असं त्यांचं ठाम मत.

लोणच्याचा अबोला मीच मोडला. बरणी नेऊन ठेवली आणि म्हटलं, "आता मला समजावून सांगा, माझा नवरा का नापास?"

याकोबभाऊंनी खूप कनवाळूपणे समजावलं. म्हणाले, "वहिनी, दत्ता एकटा न्हाई, सगळेच नापास. आदामाच्या वेळी साचा बिघडला. आता त्यातनं निघणारा प्रत्येक पीस वाकडाच. मी बी वाकडा, चर्चचे पाळकसाहेब बी वाकडे. हेच पाप."

"मग पास कोण होतं?"

"आपल्या मापावर कुणीच न्हाई. येशूनं आपली लाल पट्टी स्वतःला लावून घेतली, मरण घेतलं. जो त्याला धरतो तो पास."

"आणि न धरणारे?"

 याकोबभाऊ बरणीचं झाकण उघड-बंद करत बसले. मग म्हणाले, "त्याचीच चौकशी चाललीय."

ती चौकशी खरोखर चालली होती. त्यांच्या चर्चचे पाळक तरुण, सोशिक. उपासना संपली की याकोबभाऊ त्यांना दारात अडवायचे. नरकाचा पर्पज काय? पाळकसाहेब म्हणायचे, न्याय. देव पवित्र आहे, पापाकडे तो डोळेझाक करू शकत नाही. याकोबभाऊ म्हणायचे, मान्य, पण शिक्षा झाल्यावर माणूस सुधारून बाहेर येतो का? पाळकसाहेब म्हणायचे, नाही, ती सर्वकाळची. यावर याकोबभाऊ म्हणाले, आमच्याकडे लाल पीससुद्धा भट्टीत वितळतो आणि नवा रॉड होऊन परत येतो. नुसतं जाळत राहायचं आणि काढायचं काहीच नाही, अशी भट्टी कुठं असती? पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गायकवाडकाका, देव कंपनी चालवत नाही," म्हणाले. उत्तर बिनतोड होतं. याकोबभाऊंनाही ते पटलं, आणि पटल्यामुळे ते आठवडाभर जेवले नाहीत धड.

मग त्यांनी मोटरचा मुद्दा काढला. मरताना दुसऱ्याचं पाणी वाया जाऊ नये याची काळजी करणारा माणूस, त्याचं काहीच नाही का? पाळकसाहेब म्हणाले, चांगल्या कामांनी तारण होत नाही, विश्वासानं होतं. हे याकोबभाऊंनी स्वतःच रविवारच्या शाळेत पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. स्वतःच्याच धड्यात अडकलेला मास्तर मी तेव्हा पाहिला.

तिथून ते दारोदार फिरू लागले. कॅथलिक फादरांकडे गेले आणि उजळून आले. "वहिनी, त्यांच्यात मधे शुद्धिस्थान म्हणून एक आहे. दुरुस्तीचं." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि मान घालून आले. ते दुरुस्तीचं खातं फक्त देवाशी जुळवून घेऊन मेलेल्यांसाठी. दत्ताचं काय, असं विचारल्यावर म्हातारे फादर म्हणाले होते की, देवाच्या दयेची हद्द आपण आखू नये. "उत्तर चांगलंय," याकोबभाऊ मला म्हणाले, "पण त्यात माप न्हाई." तळवड्याला एका शेडमध्ये नव्या पंथाची प्रार्थनासभा भरायची, तिथेही गेले. तिथला प्रचारक नरकाचं वर्णन इतकं बारकाईनं करत होता की, याकोबभाऊंनी उठून विचारलं, तुम्ही कधी जाऊन आला होता का? तिथे परत जाणं झालं नाही.

मीही माझ्या परीनं मदत केली. म्हटलं, आमच्यात असं कायमचं काही नसतं. हे एव्हाना जन्मालासुद्धा आले असतील, इथेच कासारवाडीला कुणाच्या तरी घरात वरणभात सांडत असतील. याकोबभाऊ हबकलेच. "आणि मंग मी त्याला ओळखायचा कसा?" असं म्हणून ते इतके कासावीस झाले की, मी तो जन्म ताबडतोब मागे घेतला.

खरं सांगू, या सगळ्यात माझं एक काम परस्पर होत होतं. यांच्यामागे मुलं नोकरीला, सुना घाईत. यांचं नाव घरात वर्षातून एकदा, श्राद्धाचं ताट वाढताना निघे. पण दर रविवारी शेजारचा एक माणूस यांची बाजू मांडायला घराबाहेर पडतो, हे मला माहीत असायचं. मी त्या दिवशी चहा जरा जास्तच ठेवायचे.

असं दहा-अकरा वर्षं चाललं, आणि यंदाच्या उन्हाळ्यात याकोबभाऊ कुठल्याशा नव्या चर्चला निघाले आणि कासारवाडीच्या बसस्टॉपवर चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, फिरणं बंद केलं. चार दिवसांनी पाहते तर याकोबभाऊ पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून चपला शोधतायत. मार्थाबाई माझ्याकडे आल्या, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ताई, काहीतरी सांगा ह्यांना. ह्यापायी माझा माणूस जायचा."

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही. मला ते तिथल्या तिथे सुचलं. सकाळी जाऊन याकोबभाऊंसमोर बसले आणि म्हटलं, "भाऊ, एक राहून गेलं होतं. मोटरचं विचारल्यानंतर हे आणखी एक बोलले होते. 'येशू' म्हणाले. मला तेव्हा अर्थ लागला नाही."

याकोबभाऊंच्या हातातली चप्पल खाली पडली.  मग हळू आवाजात विचारू लागले. नर्स होती का खोलीत? मान कोणत्या बाजूला होती? आवाज कसा होता, मागितल्यासारखा की सांगितल्यासारखा? मी उत्तरं देत गेले. सत्तरी गाठलेली बाई, नातवंडांना खोटं बोलू नका म्हणून दटावणारी, पण काय सफाईनं बोलत होते म्हणून सांगू. मध्येच त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मला वाटलं, जमलं.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मार्थाबाई दारात उभ्या होत्या. याकोबभाऊ मला म्हणाले, "वहिनी, हे खोटं हाय. तुम्ही माझ्यासाठी बोलला, पण पाप ते पापच. दत्ताचं अजून मिटलं न्हाई, त्यात आता तुमचं बी विचारत फिरायला लागणार मला. तुम्ही दोघं बी नसला, तर वर जाऊन मी बोलायचं, भांडायचं कुणाशी? तिथं सगळे माझ्यासारखेच असणार."