गंजका शिपाई, घंटा आणि भट्टी

"आ करा. अजून मोठा. हां, आता अज्जिबात बोलायचं नाही," असं म्हणत दातांच्या डॉक्टरांनी मुख्याध्यापिका बाईंच्या हिरडीत घाईघाईने सुई टोचली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टॅबलेटकडे पाहिलं. तिथे अक्षरं लुकलुकत होती: ‘अंतिम सामना सुरू होत आहे.’

टॅबलेट दवाखान्याचा, पेशंटना एक्स-रे दाखवायचा. पण ऐन वेळी डॉक्टरांच्या मोबाइलने मान टाकली होती आणि सामना काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. त्यात समोर साक्षात मेहुणा होता.

पत्त्यांच्या या ऑनलाइन खेळाचा नाद डॉक्टरांना मेहुण्यानेच लावला होता. मेहुण्याकडे सगळे ड्रॅगन, एका फुंकरीत समोरच्याची राखरांगोळी करणारे. डॉक्टरांचा जीव मात्र तीन फाटक्या पत्त्यांवर जडला होता. एक गंजका शिपाई, ज्याला मैदानात कितीही वेळा फुकट उतरवता यायचं आणि ज्याला कुणी भीक घालत नसे. एक घंटा, शिपाई उतरला की ती वाजायची आणि समोरच्याचा एक प्राण जायचा. आणि एक भट्टी, जी शिपायाला गिळून पुन्हा तुमच्या हातात फेकायची. तिघं एकत्र आले की संपलंच! शिपाई उतरवा, घंटा वाजू द्या, भट्टीत घाला, पुन्हा उतरवा. समोरचा आडवा होईपर्यंत हेच. अडचण एवढीच, की तिघं जमेपर्यंत मुकाट्याने मार खायचा. कितीतरी महिने पत्ते घालून-काढून, ठाकूनठोकून डॉक्टरांनी हा संच बांधला होता आणि बहुतेक वेळा नुसता मारच खाल्ला होता.

"दाजी, हा संच नाही, भंगार आहे भंगार!" मेहुणा भर पंक्तीत म्हणायचा. या वेळी तर पैजच लागली होती. डॉक्टर हरले तर त्यांनी संच मोडून निमूटपणे ड्रॅगन घ्यायचे. जिंकले तर मेहुण्याने ‘भंगार’ हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

"औषध चढायला थोडा वेळ लागेल हं," डॉक्टर बाईंना म्हणाले आणि टॅबलेट ट्रेमध्ये उभा करून डाव मांडून बसले.

पहिल्याच ड्रॅगनने फुंकर मारली. डॉक्टरांचे निम्मे प्राण गेले. आणि बंद दारापलीकडून एकमुखाने आवाज आला, "अरेरेरे!"

डॉक्टर दचकले. दार किलकिलं करून बघतात तो काय! बाहेरच्या मोठ्या पडद्यावर, जिथे एरवी दात कसे घासावेत याची फिल्म चालायची, तिथे त्यांचा अख्खा डाव झळकत होता. टॅबलेट त्या पडद्याला जोडलेलाच राहिला होता. सुजलेल्या गालांची मंडळी माना वर करून बसली होती. त्यांच्या मधोमध, पेशंटची नावं पुकारायची सोडून, डॉक्टरांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय चाललंय?"

"अगं... फायनल आहे."

"आणि हा ‘ड्रॅगनसम्राट’ म्हणजे आमचा गोट्या का?"

"हो," डॉक्टर पुटपुटले.

"मग इथे काय उभे राहिलात? जा की आत! लहानपणी मांडीखाली पत्ते दडवून जिंकायचा मेला. सोडू नका त्याला!"

डॉक्टर आत धावले तोवर दुसरा ड्रॅगन येऊन गेला होता. प्राण नखाएवढे उरले होते. शिपाई हातात होता, घंटा मैदानात होती. डॉक्टरांनी नवा पत्ता उचलला. भट्टी!

पण पाळीची वेळ दाखवणारी वात अर्धीअधिक जळाली होती. हातात डावीकडे ढाल, उजवीकडे भट्टी. भट्टी लावली आणि वात विझण्याआधी मेहुण्याचे सगळे प्राण काढता आले नाहीत, तर खेळ खलास. ढाल लावली तर निदान एक पाळी जगता येईल. डॉक्टर मुळात भित्रे. त्यांचं बोट डावीकडे वळलं.

"उव्वी! उव्वीअच्चं!" खुर्चीतून बाई ओरडल्या. बोलता येत नव्हतं, पण बोट उजवीकडे जोरजोरात खुपसत होत्या.

"उजवीकडचं?"

बाईंनी मान डोलावली. अख्खी शाळा जिच्या एका शब्दावर चालते ती बाई सांगते, म्हणजे चुकीचं कसं असेल! डॉक्टरांनी भट्टी लावली.

शिपाई उतरला. टण! भट्टीत गेला, हातात आला, पुन्हा उतरला. टण! बाहेरची मंडळी सुजलेल्या तोंडांनी साथ द्यायला लागली, "टण! टण!" आणि नेमका मध्येच शिपाई अडला. घामाने ओला झालेला रबरी हातमोजा पडद्यावर चालेना. मोजा ओढून निघेना. दातांनी काहीही फाडू नका, असं जन्मभर लोकांना बजावणाऱ्या त्या माणसाने मोजा दातांत धरला आणि टर्रकन फाडला.

टण! टण! टण! वात विझता विझता शेवटची घंटा झाली आणि सम्राट ड्रॅगनांसकट कोसळला.

बाहेर एकच जल्लोष उठला. बायकोचा फोन वाजला.

"काय म्हणायचास रे तू त्या संचाला?" तिने स्पीकर लावून विचारलं.

"...संच."

"नुसता संच?"

"फार छान संच, ताई. पण दाजींना सांग, अजून एक डाव!"

डॉक्टर छाती फुगवून खुर्चीकडे वळले. "बाई, केवळ तुमच्या सल्ल्यामुळे!"

"सल्ला कअला?" बाईंनी जिभेला कसंबसं वळण लावलं. "दात... उजवीकअचा... दुखतोय. सुई... डावीकए दिलीत!"

डॉक्टरांची छाती जागच्या जागी बसली. शंभरदा माफी मागून त्यांनी उजवीकडेही सुई दिली. आता बाईंचं तोंड दोन्ही बाजूंनी बंद झालं. तेवढ्यात टॅबलेटवर मेहुण्याचं आव्हान लुकलुकलं. डॉक्टर ते नाकारणार तोच बाईंचा हात पुढे आला. त्यांनी ‘स्वीकारा’ दाबलं, टॅबलेट डोळ्यांसमोर धरला आणि डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने चिमटा उचलला.

बाईंना पत्तेही असे आले, की भट्टी, घंटा आणि शिपाई जणू हजेरीलाच उभे राहिले. इकडे डॉक्टर दात हलवत होते, तिकडे बाई ड्रॅगन. दोघांनी शेवटचा जोर एकदमच लावला.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी चिमट्यातला दात उंच धरून दाराच्या दिशेने मान झुकवली. मग त्यांच्या लक्षात आलं, बाहेरच्या पडद्यावर दात दिसतच नव्हता.