भैय्याजींनी परत केलेलं घमेलं

जवाहरनगरच्या क्वार्टरमागे वासुदेवरावांनी लावलेली वांगी ऐन फळ धरायच्या वेळी मर रोगानं गेली. सकाळी टवटवीत, संध्याकाळी माना टाकलेल्या! फॅक्टरीच्या बसमध्ये मग रोज एकच चौकशी, "काहून जी, भरीत कधी खिलवता?" शेवटी भडकून वासुदेवरावांनी शब्द देऊन टाकला, "पुढच्या हिवाळ्यात साऱ्या बसले घरच्या वांग्याचं भरीत!"

आता प्रश्न अब्रूचा होता. तलावातला गाळ आणून त्यांनी नवा वाफा केला. घोटाळा एकच. मेलेली झाडं फुकट कशाला घालवा, म्हणून त्यांनी खताच्या खड्ड्यात टाकली होती. 'रोगाची झाडं खतात टाकू नका,' असं रेडिओवाल्यानं बजावलं खरं, पण तोवर ती कुजूनही गेली होती. खत उतरलं घमेलंभरच, पण काय काळंभोर! वापरायची भीती, फेकायला जीव होत नव्हता. तेव्हा त्यांना शेजारचे भैय्याजी आठवले. बसमध्ये सगळ्यांत मोठ्यानं हसायचे ते हेच.

"घ्या जी, तुमच्या वांग्यायले."

"अन् तुमाले?" भैय्याजी गहिवरले.

"माह्याकडे लय हाये."

महिन्याभरानं वासुदेवराव ड्युटीवरून आले, तर बायकोचे, सुलोचनाबाईंचे, हात मातीनं भरलेले.

"अवो, भैय्याजीनं घमेलं वापस आणलं."

"बरं झालं."

"शेजाऱ्याचं भांडं रिकामं कोणी देते काय? त्या खतातच बी टाकलं होतं त्यायनं. वांग्याची रोपं आली मस्त! मी लावली आपल्या नव्या वाफ्यात. उरलेलं खत बी पसरून देलं."

वासुदेवरावांनी हातातला डबा तिथंच टाकला. ते तसेच मागे धावले. पहिल्या रोपाला हात घातला, तोच कुंपणावरून भैय्याजींचं डोकं वर आलं.

"काहून जी, उपटून राहिले काय?"

खरं सांगावं, तर खत दिलं कायले, हा पुढचा प्रश्न तयार! वासुदेवरावांनी रोपाच्या बुडाशी माती दाबली.

"नाही जी... पक्कं करून राहिलो."

"करा, करा! मले वाटलं, भरीत तुमी खिलवनार, तं रोपं बी तुमालेच द्यावी. मी तं औंदा नुसती मेथी टाकली."

"लय उपकार झाले," म्हणत वासुदेवरावांनी झारी उचलली.

"उपकार कायचे? बसमधी सांगून टाकलं मी साऱ्यायले," भैय्याजी म्हणाले. "लेकराबाळायसंग येनार हायेत."