इंदूताईंची हळद

लाइट गेली नव्हती. बटण मी बंद केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे इंदूताईंबद्दल हसत लिहिताना मन खाणार नाही.

इंदूताई जाधव आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात आणि बाटलीतल्या जिवाणूंना 'सासर' म्हणतात. हळदीतलं पिवळं औषधी द्रव्य जिवाणूंकडून तयार करून घ्यायचं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी हळदीची जनुकं त्या जिवाणूंमध्ये घालतात. "नवी सून आहे, बडेबाबू," मला दारातच अडवून म्हणतात, "माहेर हळदीचं. रमायला वेळ लागणार. हळू बोला!" बाटल्या सतत हलवत ठेवणारं यंत्र म्हणजे सुनेचा झोपाळा. बाटली पिवळी झाली की हळद लागली. यंदा रिटायर व्हायच्या आत ती एकदा लागलेली बघायची, एवढंच त्यांचं मागणं.

ताईंनी स्वतः लग्न केलं नाही, पण स्टाफरूममध्ये सुनेची गाऱ्हाणी इतकी सांगितली की एका नव्या प्राध्यापिकेने विचारलं, "मॅडम, बेटा क्या करता है?"

"कुछ नहीं. खाता है और एक का दो हो जाता है."

मी ऑफिसातला हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू. घरी निघताना सगळीकडचे पंखे-दिवे बंद करत फिरायची मला खोड. एका शनिवारी मी झोपाळाही बंद केला. सोमवारी बाटली गढूळ ती गढूळच. ताईंनी ती उजेडाला धरून पाहिली. माझ्या तोंडून निघालं, "काल लाइट गेली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यापासून कामाला लागल्या.

तेव्हापासून मी रोज दुपारी दोन कप चहा घेऊन जाऊ लागलो. प्रयोगशाळेत चहाला बंदी, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसायचो. त्या सुनेबद्दल बोलायच्या, मी मान खाली घालून ऐकायचो.

परवा बाटली पिवळीधमक झाली. "हळद लागली!" म्हणत ताईंनी माझ्या हातावर माधवगंज बाजारातली तीळ-गुळाची गजक ठेवली. ती मी तशीच बाकावर ठेवली. मी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लाइट जाताना बटण बंद करून जाते का, बडेबाबू?"

"मग बोलला का नाहीत?"

त्या गजकेचा तुकडा मोडत राहिल्या. "तुम्ही माफी मागून मोकळे झाला असता. रोज चहाला कोण आलं असतं?"

मी कप खाली ठेवला. "ताई, चुकलो. माफ करा." मग दोन्ही कप उचलत म्हणालो, "उद्या आलं जास्त घालून आणतो."