उजवी बाजू वेगळी

नवरदेव सलूनच्या खुर्चीत बसला तेव्हा साडेदहा झाले होते आणि नोंदणी कार्यालयात लग्न होते बाराला. म्हणजे वेळ भरपूर. कटिंगला वीस मिनिटे, मग घरी अंघोळ, नवे कपडे, आणि साहेबांपुढे उभे राहून सह्या. एवढ्या साध्या कामात माणूस घोळ तो काय घालणार? पण आमच्या नवरदेवाला बढाई मारायची खोड होती. कापडाखाली हात अडकले तरी तोंड मोकळेच राहते, ही सलूनमधली मोठी गैरसोय आहे.

"काम काय करता?" डाव्या कानामागे कात्री चालवत सलूनवाल्या काकांनी विचारले.

"गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. कशाचे किती पैसे घ्यायचे ते मी ठरवतो."

"कसले गेम?"

"धंदा चालवायचे. शेती, हॉटेल. सध्या सलूनचा जोरात आहे."

"'माझं सलून'? अहो, मी रोज खेळतो की तो!"

बाकावर नंबर लावून बसलेल्या निवृत्त मास्तरांनी पेपर खाली केला. "दिवसभर केस कापता आणि घरी जाऊन पुन्हा केसच कापता?"

"घरी पाय दुखत नाहीत, मास्तर."

नवरदेवाची छाती फुगली. लग्नाच्या दिवशी, आपल्याच गल्लीत, आपला चाहता! तो गप्प बसता तर वेळेत अंघोळीला पोहोचता. पण नाही. "मग झाडू घेतलात की नाही, काका? झाडू वेगळा विकायचा, ही आयडिया माझी!"

"तुमची?"

"माझीच! केस कापले की पडणार, पडले की साठणार. म्हटलं, झाडू द्यायचाच नाही. बढती मिळाली मला त्यावर!"

काकांनी कात्री थांबवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "गेममधल्या माझ्या दुकानात गुडघाभर केस साठलेत. गिऱ्हाईक चालत येत नाही, पोहत येतं. गरम पाणी वेगळं. खुर्ची खालीवर करायची कळ वेगळी. आणि गिऱ्हाइकं सगळी मुकी. बोलकी हवी असतील तर त्याचे आणखी. मुक्या माणसांचं सलून कुणी बघितलंय का?"

"हौसेला मोल नसतं, काका."

"नसतं ना?" काकांनी कात्री खिशात टाकली. "झाली तुमची कटिंग."

नवरदेवाने आरशात पाहिले. डावीकडून तो लग्नाला उभा होता, उजवीकडून नुकताच झोपेतून उठला होता.

"अहो, अर्धीच झालीय!"

"मूळ कटिंग एवढीच. उजवी बाजू वेगळी."

"काका, चेष्टा पुरे. बाराला लग्न आहे माझं!"

"अरे वा! मग तर घ्यायलाच लागेल."

नवरदेव उतरायला गेला तर पाय जमिनीला लागेनात. खुर्ची वर चढवलेली होती.

"कळ वेगळी असेल," मास्तर हळूच म्हणाले. पेपर केव्हाच बाजूला पडला होता. "आणि काय हो, आरसा कसा काय फुकट?"

"बघा, विसरलोच!" काकांनी आरशावर टॉवेल टाकला.

कॉलरमध्ये गेलेले केस आता टोचू लागले. हात कापडाखाली, मानेवर खाज, आणि मान झटकणे अर्थातच वेगळे. दुसरे सलून चौकापलीकडे, आणि आज त्यांची सुट्टी. नवरदेवाच्या तोंडचे पाणी पळाले. "सगळं घेतो, काका! उजवी, मागची, मान, कळ! बोला किती?"

"पैसे नकोत मला. झाडू मूळ गेमच्या आत घाला."

मग काय, कापडाखालूनच चाचपडत फोन लावला गेला. कंपनीतल्या साहेबांचा आवाज सलूनभर घुमला. "झाडू फुकट? वेड लागलंय का? लोक घेतायत म्हणजे भाव रास्त आहे!"

"साहेब, मी अर्ध्या डोक्याने बसलोय इथे!"

"उरलेल्या अर्ध्याचे किती द्यायला तयार आहेस?"

"मागतील तेवढे!"

"मग तोही भाव रास्तच," असे म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

आपलाच हिशोब दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर नवरदेवाला पहिल्यांदाच त्याची लाज वाटली. सव्वाअकरा वाजले होते. "काका, सोमवारी झाडू आत जातो. बढती गेली तर गेली. पण बोलक्या गिऱ्हाइकांचे पैसे पडतील हं. त्यांच्या गप्पा कुणीतरी बसून लिहितं, कुणीतरी बोलतं."

काकांनी विचार केला. "ते पटलं. मेहनत केलीत तर घ्या की पैसे, हसत देईन. पण माझ्याच दुकानातला केर अडवून धरू नका."

त्यांनी कात्री बाहेर काढली, आणि नेमका तेव्हाच दरवाजा उघडला. दारात नवरी. अंगावर लग्नाचे कपडे, हातात नवरदेवाच्या कपड्यांची पिशवी. "घरी नाहीस, फोन लागत नाही... अगं बाई! हे काय?"

मास्तरांनी सगळे सांगितले. कुणी विचारले नव्हते, तरी झाडूपासून सांगितले. नवरी हसेल असे सगळ्यांना वाटले, पण ती नवरदेवासमोर येऊन उभी राहिली.

"काका, एक मिनिट थांबा. मला आधी कळू दे, हा माणूस सगळं धरून आहे, की काही वेगळं घ्यावं लागणार?"

"सगळं धरून!" नवरदेव ओरडला.

"स्वयंपाक?"

"धरून."

"मी आजारी पडले तर रजा काढणं?"

"धरून!"

"भांडण झाल्यावर आधी बोलायला येणं?"

इथे मात्र नवरदेव अडला. काका आणि मास्तर दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. खोटे बोलला असता तर सुटला असता, पण आज त्याला खोटे बोलवेना. "ते... ते आहे. पण मला दोन दिवस लागतात."

नवरी खळखळून हसली. "दोन दिवस चालतील. कापा काका, उजवी बाजू!"

कात्री पुन्हा कुचकुचू लागली. नवरदेवाचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की त्याचे तोंड सुटायचेच. "आणि तुझ्यात गं? काय काय धरून?"

"मी दिसते तशीच आहे, वर काही नाही. फक्त एकदा घेतल्यावर परत करता येत नाही."

"कबूल!" म्हणत नवरदेवाने मोठ्या आनंदाने मान डोलावली.

"अहो, मान हलवू नका!" काका किंचाळले, पण कात्री कच्चकन चालून गेली होती.

लग्न बाराला लागले. फोटोही झकास आले. फक्त एकूण एक फोटोत नवरदेव डावीकडूनच दिसतो.