नामदेवतात्यांचं पुण्यातलं गाणं

आमच्या कळंबात नामदेवतात्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेली मोटर चालू करून डोळे मिटून ऐकत बसायचे. गिऱ्हाईक ताटकळायचं. "पाणी काय, कुठलीबी उचलंल. सुरात हाय का बघू द्या, राव," म्हणायचे.

थंडी पडली की पुण्यातल्या गाण्यांच्या जाहिराती पेपरातून कापून दुकानाच्या दारावर डकवायचे. कोण कधी गाणार ते घरचं लग्न असल्यासारखं गावाला सांगायचे. स्वतः मात्र कधी गेले नव्हते. दर वर्षी ऐन वेळी कुणाची तरी मोटर जळायची आणि त्याचे कांदे वाळायला लागायचे.

एका वर्षी त्यांनी दुकानाला कुलूपच लावलं. ज्या बुवांची कॅसेट वाजवून वाजवून घासली होती, ते रविवारी सकाळी गाणार होते. तात्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, गुडघे आखडले, म्हणून त्यांचं तिकीट मला मिळालं. आम्ही शेजारी. सासूबाई म्हणाल्या, जा.

बुवांच्या आधी एक बाई गायल्या. शेवटी त्यांनी अभंग घेतला, आमच्या भजनातला. भजनात पुढच्यानं ओळ सोडली की मागच्यांनी उचलायची असते. बाई ओळ म्हणून थांबल्या आणि मी उचलली. चांगली मोठ्यानं.

सगळा मांडव वळला. मी पदरात तोंड घातलं. तेवढ्यात तात्यांनी तीच ओळ माझ्याहून मोठ्यानं धरली, आणि इतकी बेसूर की लोक त्यांच्याकडंच बघायला लागले.

छातीला बिल्ला लावलेला एक जण आला आणि त्यांना बाहेर चला म्हणाला.

"चुकलं, साहेब. दोन्ही वेळंला मीच व्हतो," तात्या म्हणाले.

पहिला आवाज बाईचा होता, हे त्याला कळत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली सतरंजीकडं बघितलं.

"तू बस, सूनबाई. बुवांचं नीट ऐक, मला सांग," म्हणून तात्या गेले.

मी बसून राहिले. बुवा दीड तास गायले. त्यातलं मला काही आठवत नाही. बाहेर आले तर तात्या फाटकाला कान लावून उभे. रस्त्यावरच्या गाड्यांत त्यांना काय ऐकू येणार? काय गायले, विचारलं. मला सांगता आलं नाही.

"बरं गायले ना पण?" एवढंच म्हणाले.

गावात त्यांनी स्वतःची फजिती रंगवून सांगितली. पुढं महिनाभर दुकानात तेच. एकदा मी तिथं असताना कुणीतरी विचारलं, "वैनी, तुमी व्हता ना संगं? खरंच म्हाताऱ्याला हाकललं?"

तात्या बेअरिंगला ग्रीस लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी हो म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर हसलेसुद्धा.